दोघांचा एक श्वास

दिवाळीच्या पहाटे रेडिओवर सनई लागली, की अभ्यंगाच्या आधीच घराला सणाची कळा येते. सनईचे आणि मंगलकार्याचे हे नाते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की हे वाद्य जणू आपल्यापुरतेच निर्माण झाले, असे आपण धरून चालतो. पण सनईच्या चुलतबहिणी पृथ्वीवर पुष्कळ ठिकाणी नांदत आहेत. आणि युरोपच्या अगदी पश्चिम टोकाला एक मुलूख असा आहे, की जिथे अशा एका चुलतबहिणीवाचून एके काळी लग्नाची वरात घराबाहेर पडत नसे. त्या मुलखाची, आणि तिथल्या वाजंत्र्यांच्या जोडीची हकीकत आज वाचकांना सांगावी असे मनात आहे. नावे थोडी जीभ अडखळविणारी आहेत. पण फराळाचे ताट पुढ्यात असताना ऐकायला ती जड जाणार नाहीत, असा भरवसा वाटतो.

फ्रान्सचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या वायव्येला जमिनीचा एक लांबट सुळका अटलांटिक महासागरात घुसलेला दिसेल. तो ब्रिटनी प्रांत. तिथले लोक आपल्या भाषेत त्याला ‘ब्रेझ’ म्हणतात. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास ब्रिटन बेटातले केल्टिक वंशाचे लोक समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आले आणि आपली भाषा घेऊन तिथे स्थायिक झाले. म्हणून ब्रेटन भाषेचे रक्ताचे नाते फ्रेंचशी नाही, ते वेल्सच्या भाषेशी आहे. कित्येक शतके हे एक स्वतंत्र डचीचे राज्य होते. त्याची शेवटची मोठी राज्यकर्ती अ‍ॅन हिने १४९१ मध्ये फ्रान्सच्या एका राजाशी आणि त्याच्या मृत्यूनंतर १४९९ मध्ये त्याच्या वारस राजाशी लग्न केले, आणि १५३२ साली प्रांत रीतसर फ्रान्सला जोडला गेला. राज्य गेले, पण भाषा राहिली, नाच राहिले, आणि वाजंत्री राहिले.

आपल्या इतिहासाशीही या किनाऱ्याची एक अंधुकशी ओळख आहे. तिथे लोरियां नावाचे बंदर आहे. ‘लोरियां’ म्हणजे पूर्व दिशा. १६६६ साली हे बंदर उभे राहिले ते फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे बांधण्यासाठी. सुरतेत फ्रेंचांची वखार पडली ती शिवछत्रपतींच्या हयातीतच, आणि पुढे पाँडिचेरीकडे येणारी जहाजे याच बंदरातून शिडे सोडीत. या लोरियांकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे.

आता वाद्यांकडे वळू. जोडीतले पहिले वाद्य ‘बोंबार्द’. नाव ऐकून मराठी माणसाला हसू येईल, आणि ते अस्थानी होणार नाही. कारण या वाद्याचा आवाज खरोखरच बोंब ठोकल्यासारखा दोन शेतांपलीकडे जातो. हातभरही लांब नसलेली लाकडी नळी, तोंडाशी निमुळती, खाली घंटेसारखी रुंदावत गेलेली, अंगावर बोटांची भोके, आणि तोंडात धरायला बोरूच्या जातीच्या वेताची दुहेरी पत्ती. म्हणजे आपली सनईच. मध्ययुगात या जातीची वाद्ये युरोपभर वाजत असत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी कारागिरांनी त्यांनाच घासूनपुसून, आवाज नरम करून ‘ओबो’ हे वाद्य घडविले आणि ते मोठ्या वाद्यवृंदात मानाने जाऊन बसले. एक बहीण दरबारात गेली, दुसरी शेतावरच राहिली. शेतावर राहिलेली ती बोंबार्द.

दुसरे वाद्य ‘बिनियू’. पखालीसारखी एक लहानशी कातडी पिशवी काखेत धरायची, एका नळीने तोंडाने तिच्यात हवा भरायची, आणि कोपराने दाबून ती हवा दोन नळ्यांत सोडायची. एका आखूड नळीवर बोटे फिरतात; ती बोंबार्दपेक्षा एक सप्तक वर, टिटवीसारखी तीक्ष्ण वाजते. दुसरी लांब नळी खांद्यावर टेकलेली असते. ती एकच सूर अखंड धरून राहते. आपल्याकडे सनईवाल्याच्या मागे बसून एक जण नुसता सूर देत असतो, त्याचे काम ही नळी करते. हिंदुस्थानातही या जातीचे वाद्य आहे. गढवालात त्याला मशकबीन म्हणतात. आणि आपल्या लष्कराच्या पलटणींत ब्रिटिशांच्या वेळेपासून स्कॉटिश धर्तीचे मोठे वाद्य वाजते, ते प्रजासत्ताकदिनानंतरच्या समारंभात आपण ऐकतोच. बिनियू हे त्या कुळातले अगदी धाकटे पोर. अंगाने लहान, पण आवाजाने घर डोक्यावर घेणारे.

ही दोन वाद्ये एकत्र का आली, याचे उत्तर माणसाच्या छातीत आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला एकदा विचारले होते, “गुरुजी, सनईवाल्याला श्वास लागत नाही का?” प्रश्न शहाणपणाचा होता. आपले सनईवाले गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत सूर न तोडता वाजवितात. ती एक साधना आहे. ब्रेटन बोंबार्दवाल्याने दुसरी युक्ती काढली. त्याच्या वाद्याला फुंकीचा जोर इतका लागतो, की तो एक ओळ वाजवितो आणि वाद्य ओठांवरून काढून दम घेतो. तेवढ्यात बिनियूवाला तीच ओळ एकट्याने पुन्हा वाजवितो. त्याची पिशवी भरलेली असते, तिला थांबणे ठाऊक नसते. ओळ संपता संपता, शेवटच्या दोन-चार सुरांवर बोंबार्दवाला पुन्हा येऊन मिळतो, आणि दोघे मिळून पुढची ओळ उचलतात. कौल एक, जबाब एक, आणि दोहोंचा सांधा असा बेमालूम, की नाचणाऱ्याच्या पायाला तो जाणवू नये. कौलेंही छपरावर अशीच बसवितात, एकाची कड दुसऱ्यावर चढवून. फट राहिली की पाणी गळले.

म्हणून ब्रिटनीत वाजंत्र्याला एकटेपण नसे. त्यांच्या भाषेत वाजविणाऱ्याला ‘सोनेर’ म्हणतात, बोंबार्दवाल्याला ‘तालाबार्दर’ आणि बिनियूवाल्याला ‘बिनियावेर’. मागच्या काळी पुष्कळदा तिसरा एक ढोलकरी असे. पण गाभा या दोघांचा. वर्षानुवर्षे बरोबर हिंडून त्यांना एकमेकांचा श्वास पाठ झालेला असे. बोंबार्दवाला केव्हा थांबणार, हे बिनियूवाल्याला त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळे. अशी जोडी जमायला काळ लागतो आणि मोडायला एक मृत्यू पुरतो.

हीच रीत त्यांच्या गाण्यातही आहे. दोन गवई खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एक जण ओळ म्हणतो. तिचे शेवटचे शब्द दुसरा त्याच्याबरोबर उचलतो आणि मग सगळी ओळ पुन्हा म्हणतो. त्याच्या शेवटच्या शब्दांवर पहिला परत येतो. या गायनाला ‘कान हा दिस्कान’ म्हणतात. ‘कान’ म्हणजे गाणे आणि ‘दिस्कान’ म्हणजे उलटून गाणे. शब्द परका आहे, पण ज्या कलेत दुसऱ्याकडे सतत कान द्यावा लागतो तिचे हे नाव मराठी माणसाला सहज पाठ व्हावे. आपल्या भजनात टाळकरी बुवांच्या तोंडची ओळ उचलून धरतात, त्याचेच हे एक रूप समजा. वाजंत्री गवयांकडून शिकले की गवई वाजंत्र्यांकडून, हे सांगणे कठीण; पण दोहोंचा धर्म एकच. उचलून धरणारा असेल तरच म्हणणाऱ्याला अर्थ.

या जोडीची खरी रंगभूमी म्हणजे लग्नघर. ब्रिटनीतले शेतकऱ्याचे लग्न म्हणजे आपल्याकडचे जुन्या थाटाचे चार दिवसांचे लग्नच. पाहुणे शेकड्यांनी येत. मोठ्या लग्नात हजाराची पंगत उठे, आणि सोहळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चाले. सोनेर जोडी नवरीच्या दारी येई, वरातीच्या पुढे वाजवीत चर्चपर्यंत जाई, आणि मग दाराशी थांबे. विधी आटोपून वधूवर बाहेर आले की पुन्हा सूर धरी. पंगतीत प्रत्येक पदार्थाला वेगळी चाल ठरलेली. रसदार सूप आले की त्याची चाल, भाजलेले मांस आले की त्याची. भटाने श्लोक म्हटल्यावाचून आपल्याकडे जेवायला बसत नसत, तसे चाल वाजल्यावाचून तिथे ताट येत नसे. जेवणानंतर नाच, आणि नाचासाठी वाजंत्र्यांना पिंपांवर उभे करीत, म्हणजे आवाज सगळ्या रिंगणाला पोचे. रिंगणात सारा गाव हातात हात घालून फिरे. गावोगावी नाच निराळा, त्यामुळे कुठल्या गावात कोणती चाल लागते याचे सगळे भांडार या दोघांच्या डोक्यात असावे लागे. लिहिलेले काही नसेच. आणि समारंभाच्या शेवटी भिकाऱ्यांसाठी एक नाच राखून ठेवलेला असे. गावातले गोरगरीब येऊन जेवत, आणि वधूवर स्वतः त्यांचा हात धरून नाचत. तो नाचही याच जोडीने वाजवायचा.

लग्नाखेरीज एक मौजेचा प्रसंग असे. नवे घर बांधले की मातीची जमीन चोपायची. आपल्याकडे आयाबाया चोपण्या घेऊन बसत. ब्रेटन शेतकरी सगळ्या आळीला नाचायला बोलावी. सोनेर वाजवीत, माणसे लाकडी जोडे घालून रात्रभर थिरकत, आणि सकाळपर्यंत जमीन टणक होई. संगीताचा असा रोकडा उपयोग मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेला नाही.

हे वाजंत्री कोण असत? शिंपी, लाकडी जोडे करणारे, कोष्टी, गिरणीवाले. शेतजमीन नसलेली, हातावर पोट असलेली माणसे. त्यांच्याकडे समाज दोन नजरांनी पाही. त्यांच्यावाचून मंगलकार्य होत नसे, आणि तरी त्यांना आपल्या बरोबरीचे मानीत नसत. आपल्याकडे वाजंत्र्यांच्या पंगतीचा प्रश्न ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. शिवाय धर्मगुरूंचा रोष. सतराव्या शतकापासून पाद्री गावोगाव फिरून नाचाविरुद्ध प्रवचने करीत होते. रात्रीचे रिंगण, तरुण पोरापोरींचे हातात हात, आणि त्याला चेतविणारी ती बोंबार्द, हे सगळे सैतानाचे काम ठरले. कुठे कुठे वाजविणाऱ्याला चर्चच्या संस्कारांतूनही वगळण्यात आले. तरी लग्ने होत राहिली आणि जोड्या वाजत राहिल्या.

या शतकानुशतकांच्या निनावी माणसांतून एक नाव वर आले आहे. कँपेर्ले गावचा मातिलिन आन दाल. ‘आन दाल’ म्हणजे आंधळा. त्याचे खरे नाव मातुरँ फुरिक. जन्म १७८९ चा, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या सालचा, आणि मृत्यू १८५९ चा. हा अंध तालाबार्दर आपल्या हयातीतच दंतकथेचा विषय झाला. त्याची कीर्ती पॅरिसपर्यंत गेली. ज्याला गावच्या पाटलाने ओसरीवर बसविले असते, त्याला राजधानीने ऐकले. पण लक्षात ठेवा, त्याच्याही शेजारी एक बिनियूवाला उभा होता. इतिहासाने एकाचेच नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. सुरांचा हिशेब मात्र दोघांचा होता.

एकोणिसाव्या शतकात या घरात नवी वाद्ये शिरू लागली. पहिली आली क्लॅरिनेट. शहरी वाद्यवृंदातले, लष्करी बँडातले हे सभ्य वाद्य मध्य ब्रिटनीच्या खेड्यांत आले, आणि शेतकऱ्यांनी त्याला पाहताक्षणी नाव ठेवले ‘त्रोजेन-गाओल’, म्हणजे कोबीचा दांडा! नाव ठेवले म्हणजे घरात घेतले. तिथल्या वाजंत्र्यांनी क्लॅरिनेटलाही जोडीने वाजवायची रीत लावली. एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने उचलायची. परके वाद्य आले, पण परंपरा बिघडली नाही, कारण परंपरा वाद्यात नव्हती, ती जबाबात होती.

अकॉर्डियनची गोष्ट मात्र वेगळी झाली. आपल्या हार्मोनियमच्या नात्यातले हे वाद्य त्या शतकाच्या अखेरीस तिथे पसरले, आणि जुन्या लोकांनी त्याला ‘सैतानाची पेटी’ म्हटले. या पेटीला दम लागत नाही आणि जोडीदार लागत नाही. एकच माणूस बोलावला की भागले, पैसे अर्धे. शिवाय पॅरिसहून आलेले जोडीजोडीचे नवे नाच तिच्यावर सहज वाजत. लग्नघरच्या यजमानाने हिशेब केला, आणि हळूहळू बिनियूच्या पिशव्या माळ्यावर गेल्या. वाद्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या पेटीवरही पुढे ब्रेटन चाली उत्तम वाजल्या. पण दोघांची गरज एकाने भागू लागली, की दुसरा प्रथम अनावश्यक वाटतो आणि मग विसरला जातो.

यानंतर आले पहिले महायुद्ध. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत ब्रिटनीचे एक लाखाहून अधिक तरुण मारले गेले. त्यांत किती वाजविणारे होते, याची नोंद कोण ठेवणार? पण जोडीचे गणित साधे आहे. एक खंदकात पडला, की घरी उरलेल्याचे वाद्यही अर्धे मुके होते.

आणि आता मला माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १८८१-८२ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. फार मोठे काम झाले; गरिबाचे पोर शाळेत गेले. पण ती शाळा फक्त फ्रेंचची होती. ब्रेटन बोलणारे मूल सहा वर्षांचे होऊन वर्गात येई, तेव्हा त्याला एक शब्द कळत नसे. आणि मधल्या सुटीत ते चुकून आईच्या भाषेत बोलले, तर त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवीत. कुठे जुना लाकडी जोडा, कुठे लाकडाचा तुकडा. काही ठिकाणी मुले तिला ‘गाय’ म्हणत. त्या मुलाने दुसऱ्या कुणाला ब्रेटन बोलताना पकडावे आणि ती वस्तू त्याच्या गळ्यात घालावी. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात ती राहील त्याला शिक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत हा प्रकार ठिकठिकाणी चालल्याच्या आठवणी त्या पिढीने सांगून आणि लिहून ठेवल्या आहेत. पिएर-जाकेझ एलियास या लेखकाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बालपणाच्या पुस्तकातही त्याचे वर्णन आहे.

मास्तर म्हणून या युक्तीकडे पाहिले की तिची चलाखी कळते आणि अंगावर काटा येतो. तिथे मास्तरला काहीच करावे लागत नाही. मूलच मुलाला पकडते. एकाने हाक मारली तर दुसऱ्याने जबाब देण्याऐवजी त्याच्या गळ्यात जोडा घालायचा. म्हणजे त्या मुलखाचे संगीत ज्या एका गोष्टीवर उभे होते, ओळ म्हणणारा आणि ओळ उचलणारा, नेमका तोच सांधा शाळेच्या अंगणात रोज उखडला जात होता. भाषा बंदी घालून मरत नाही; ती दुसऱ्याने उत्तर द्यायचे सोडले की मरते. ती मुले मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांच्या गळ्यात ते ओझे नको म्हणून त्यांच्याशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलू लागली. त्यांना कोण दोष देईल?

१९३० च्या सुमारास ही जोडी जवळजवळ संपली होती. लग्नांत वाजविणाऱ्या म्हाताऱ्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या उरल्या. आणि चमत्कार पहा, पहिली हालचाल झाली ती गावात नाही, पॅरिसमध्ये. पोटासाठी राजधानीत गेलेल्या ब्रेटन लोकांना तिथे गावाची आठवण छळू लागली. मुंबईच्या गिरणगावात कोकणच्या माणसाने गणपती आणि भजनी मंडळे उभी केली, तशी १९३२ साली एर्वे ल मेन याने पॅरिसमध्ये बिनियूवाल्यांची एक मंडळी स्थापन केली. पुढे दोरिग ल व्वाये या कारागिराने वाद्ये घडविण्याचा ध्यास घेतला. आणि त्याला पोलिग मोंजारे नावाचा एक तरुण येऊन मिळाला. इथेही पुन्हा जोडीच.

१९४३ साली रेन शहरात या दोघांनी काही सोबत्यांसह सोनेर लोकांची संघटना उभारली. तो काळ जर्मनांच्या ताब्यातला. ब्रेटन चळवळीतली काही माणसे त्या काळात जर्मनांच्या बाजूला गेली, आणि युद्धानंतर साऱ्या चळवळीकडेच लोक संशयाने पाहू लागले. इतिहास लिहिताना हे झाकून ठेवता येत नाही. पण वाद्ये निर्दोष होती. मोंजारे सायकलीवर गावोगाव हिंडला, म्हाताऱ्या वाजंत्र्यांपुढे बसला, आणि त्यांच्या डोक्यातल्या चाली कागदावर उतरवीत गेला. कित्येक वर्षांच्या या श्रमांचा ग्रंथ १९८४ साली छापून निघाला. त्यात सुमारे तीन हजार चाली आहेत. तीन हजार! एकेका चालीमागे एकेक लग्नघर धरले, तर केवढा मोठा गाव त्या पुस्तकात झोपला आहे, याची कल्पना करावी.

याच मोंजारेने आणखी एक नवी गोष्ट केली. स्कॉटिश पलटणींचे बँड पाहून त्याने ब्रेटन बँड बांधले. स्कॉटलंडचे मोठे पिशवीवाद्य, ओळीने बोंबार्दी, आणि नगारे. अशा पथकाला ‘बागाद’ म्हणतात. पहिल्या बागादांपैकी एक कारे गावच्या रेल्वे कामगारांचे होते. तरुणांना हे फार आवडले. एकत्र गणवेश, एकत्र पावले, आणि शिकण्याची शिस्त. स्कॉटिश वाद्याला लोक ‘बिनियू ब्राझ’, म्हणजे मोठा बिनियू, म्हणू लागले आणि बिचारा मूळचा बिनियू ‘कोझ’, म्हणजे म्हातारा, झाला. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. पलटणीत तीस माणसे एकदम वाजवितात. तिथे दोघांचा श्वास कुठे राहिला? आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण या बागादांतूनच हजारो पोरांच्या हाती बोंबार्द आली, आणि त्यांतले काही पोर कवाईत संपल्यावर जोडीदार शोधू लागले. गुरँ या गावी विसाव्या शतकाच्या मध्यापासून जोड्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. कोझची जोडी निराळी, ब्राझची निराळी. चालण्याची चाल, ऐकण्याची संथ चाल, आणि नाचाची चाल, अशी तिहेरी परीक्षा असते. लग्नघराच्या जागी परीक्षकांचे टेबल आले हे खरे. पण ओळ म्हणायची आणि उचलायची रीत तीच राहिली.

त्याच सुमारास, १९५० नंतरच्या वर्षांत, लोएझ रोपार्झ याच्यासारख्या माणसांनी रात्रीच्या नाचाचे मेळे नव्याने भरविले. त्यांना ‘फेस्त-नोझ’ म्हणतात. आपल्या गोमंतकीय वाचकांना ‘फेस्त’ हा शब्द घरचाच वाटेल; दोघांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. १९७२ साली आलान स्तिवेल या तरुणाने पॅरिसच्या ‘ऑलिंपिया’ नाट्यगृहात हार्प, बोंबार्द आणि विजेची गिटार यांचा मेळ घातला, आणि फ्रान्सभर तरुण पिढी ब्रेटन संगीताने वेडी झाली. त्याच्या आदल्याच वर्षापासून आपल्या त्या ओळखीच्या लोरियां बंदरात केल्टिक देशांचा मोठा संगीतमेळा ऑगस्टमध्ये भरू लागला आहे. ज्या धक्क्यावरून हिंदुस्थानचा माल उतरत होता, त्याच गावात आता आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, स्पेनमधला गालिथिया अशा ठिकाणांहून पिशवीवाद्ये येऊन उतरतात. २०१२ साली युनेस्कोने फेस्त-नोझचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

जोडीचा संसारही वाढला. युएन ल बियां या वाजविणाऱ्या कारागिराने जुन्या ओबोच्या धर्तीवर एक वाद्य घडविले. आवाज बोंबार्दपेक्षा खालचा आणि मऊ. त्याचे नाव ‘पिस्तों’. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी दरबारात गेलेली बहीण शेतावर परत आली, असेच म्हणायचे. पात्रिक मोलार या पिशवीवाद्याच्या जाणकाराबरोबर त्याची जोडी गाजली. आणि दुसरीकडे जाँ-क्लोद जेगा याने चर्चच्या ऑर्गनबरोबर बोंबार्द वाजविली. ज्या देवळाच्या दाराशी सोनेर थांबत असे, त्याच्या आत बोंबार्द शिरली, आणि ऑर्गनच्या अखंड सुरावर तिने निवांत श्वास घेतला. एवढा मोठा बिनियू तिला यापूर्वी कधी लाभला नव्हता!

इथे हकीकत गोड झाली असे म्हणून थांबता आले असते. पण एक आकडा आड येतो. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रेटन बोलणारी माणसे दहा लाखांच्या घरात होती. २०१८ च्या पाहणीत ती सुमारे दोन लाख भरली, आणि २०२४ च्या पाहणीत एक लाख सात हजार. त्यांतले बहुतेक वृद्ध. बोंबार्द वाचली, ज्या भाषेतल्या गाण्यांच्या चाली ती वाजविते, ती भाषा मात्र वाळूसारखी ओंजळीतून गळते आहे. वाद्याला जोडीदार परत मिळाला, भाषेला अजून मिळतो आहे. १९७७ साली काही पालकांनी ब्रेटन माध्यमाची पहिली शाळा काढली. तिचे नाव ‘दिवान’. आपल्या दिवाणजींशी किंवा दिवाळीशी त्याचा संबंध नाही; ब्रेटन भाषेत दिवान म्हणजे बीजाचा अंकुर. ज्या शाळेने गळ्यात जोडा घातला, तिच्याच जातीच्या शाळेने आता अंकुर जपावा, यात मला मास्तर म्हणून थोडा दिलासा वाटतो.

परंपरेविषयी बोलताना आपण नेहमी मोठमोठे शब्द वापरतो. या ब्रेटन जोडीने मला तिची एक छोटी, हाताशी येणारी व्याख्या दिली. परंपरा जगायला लाख माणसे लागत नाहीत, राजाश्रय लागत नाही, पदकही लागत नाही. किमान दोघे लागतात. एकाने ओळ म्हणायची, आणि त्याचा दम संपत आला असता दुसऱ्याने ती खाली पडू न देता उचलायची. ग्रंथातल्या तीन हजार चाली कागदावर सुरक्षित आहेत, पण त्या जिवंत होतात त्या कुणी दोघे शेजारी उभे राहिले म्हणजेच.

आपल्याकडेही लग्नाच्या मांडवात सनई आता बहुधा यंत्रातून वाजते. त्या यंत्राला दम लागत नाही, म्हणून जोडीदारही लागत नाही. तरी अजून देवळाच्या नगारखान्यात, कुठे एखाद्या घरच्या कार्याला, खरे सनईवाले येतात. यंदा असा योग आला, तर पुढे बसलेल्या सनईवाल्याला दाद द्यालच. पण मागे बसून जो नुसता सूर धरून असतो, त्याच्याकडेही एकदा पहा, आणि फराळाची बशी त्याच्याही हाती आधी जाईल एवढे करा.